कुरणातलं वर्तुळ

मुलाने घर घेतलं तेव्हा आम्हाला बत्तीस फोटो पाठवले. एकतीस घराचे होते आणि एक मागच्या कुरणाचा. नवऱ्याने स्वयंपाकघर, जिना, शेकोटी असं सगळं रांगेने पाहिलं आणि प्रत्येक फोटोला 'छान' म्हटलं. मी त्या एका कुरणावर अडकले. उताराचं हिरवंगार गवत, खाली ओढा, कडेने दगडी कुंपण, आणि मधोमध आमची पाच वर्षांची नात हात पसरून धावत होती. ते गवत इतकं एकसारखं होतं की मला त्याचा संशय आला.

माझा स्वभावच तसा आहे, आणि तो धंद्यामुळे बनला की धंदा त्याच्यामुळे जमला ते मला ठाऊक नाही. सिंगापूरच्या कारखान्यांच्या भागात, जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. बाई असूनही पदाचं नाव तेच होतं आणि मला ते चालत होतं. इंजिनियर लोक जमिनीवर काय उभं करायचं ते ठरवत. त्या जमिनीखाली पूर्वी काय होतं ते जुन्या नकाशांतून शोधून आजच्या नकाशावर बसवायचं काम आमच्याकडे असे. कुठे दलदल, कुठे विटांची भट्टी, कुठे कुणाच्या परसातली बुजवलेली विहीर. सिंगापूरची जमीन वरून इस्त्री केल्यासारखी दिसते, पण खाली काहीही निघतं. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही.

मुलगा इथे सिंगापुरात, क्लेमेंटी भागातच वाढला. डॉक्टर झाला आणि उत्तर इंग्लंडातल्या एका दरीत, लहानशा गावाजवळच्या इस्पितळात नोकरीला लागला. सून नाशिकची आहे. ती घरून काम करते, मोजकं बोलते, आणि मला 'आई' म्हणते तेव्हा त्यात आदर असतो पण एक पाऊल अंतरही असतं. मी ते अंतर कधी ओलांडलं नव्हतं. फोटो आले त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आई, इथे इतकं शांत आहे ना! मेंढ्या आणि गवत. बाकी इथे कधी काही नव्हतंच बहुतेक."

कधी काही नव्हतं, हे वाक्य माझ्यासारखीला सांगायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. इंग्रजांची एक गोष्ट मानायला हवी, त्यांनी आपल्या देशाचा कोपरान् कोपरा मोजून ठेवलाय. मैलाला सहा इंच, मैलाला पंचवीस इंच, एकेका कुंपणाची रेघ, एकेक पाणवठा. दीडशे वर्षांपूर्वीचे ते नकाशे आज कुणीही घरबसल्या फुकट पाहू शकतं. मी त्या दरीचा सगळ्यात जुना कागद उघडला आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या. तुमच्या मुलाने जुरोंगमध्ये घर घेतलंय."

खरोखरच तसं होतं. ज्या डोंगरावर आज मेंढ्या चरतात तो डोंगर शिशाच्या खाणींनी पोखरला होता. शाफ्ट म्हणजे जमिनीत सरळ खाली उतरणारी उभी विवरं. ती कागदावर लहान लहान वर्तुळांनी दाखवली होती आणि देवी आलेल्या चेहऱ्यासारखा तो डोंगर दिसत होता. ओढ्यावर पाणचक्क्या, धातू वितळवायची भट्टी, तिथून डोंगरमाथ्यापर्यंत गेलेलं धुराचं दगडी भुयार, घोड्यांच्या गाड्यांचे रूळ, मजुरांच्या चाळी. पुढच्या पिढीच्या नकाशात प्रत्येक नावाआधी 'ओल्ड' हा शब्द लागला. त्याच्या पुढच्यात निम्मी नावं गेली. आणि आजच्या नकाशात पांढरा कागद, ओढ्याची निळी रेघ आणि पायवाटेचे ठिपके उरले. माणसं विसरतात हे मला माहीत होतं. कागदही इतक्या पद्धतशीर विसरतो हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला त्याचा राग आला.

मुलाच्या कुरणावर मात्र सरकारी नकाशात काही नव्हतं. दुसरं कुणी असतं तर तिथे थांबलं असतं. मी शोधत राहिले. दोन आठवड्यांनी त्या गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींच्या पानावर एक फोटो सापडला. सरकारी मोजणीच्याही आधीचा, खाणमालकाने करवून घेतलेला, हाताने काढलेला नकाशा. त्यात चर्च होतं, ओढ्यावरचा पूल होता, गावातून येणारी वाट होती, एक लहान चौकोनी घर होतं, आणि त्या घराच्या मागे काळ्या शाईचं एक वर्तुळ होतं.

अशा नकाशाला आजच्या जमिनीवर बसवणं हे हातचं काम आहे. दोन्ही कागदांवर न बदललेल्या दोन-तीन जागा धरायच्या, त्या एकमेकांवर आणायच्या, मग बाकीचं आपोआप जागेवर पडतं. कुठल्या जागा धरायच्या ते ओळखणं हीच सगळी विद्या. मी प्रिंट काढल्या, ट्रेसिंग पेपर आणला, जुनी सेट-स्क्वेअर कपाटातून काढली. वाटेचं ठळक वळण आणि पुढचा तिठा या दोन जागा धरल्या. वर्तुळ कुरणाच्या वरच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून पडलं.

फक्त चर्च जमेना. ते आजच्या चर्चपासून चांगलं पंचवीस-तीस मीटर सरकत होतं. नवरा मागे उभा राहून बघत होता. तो आयुष्यभर बँकेत होता आणि नकाशातलं त्याला काही कळत नाही. तो म्हणाला, "अगं, पण चर्च कसं हललं?"

"चर्च हललं नाही," मी म्हटलं. "काढणाऱ्याने अंदाजाने काढलंय. खाणवाल्याला चर्चशी काय करायचंय?"

"बरं," तो म्हणाला आणि आपल्या शब्दकोड्याकडे गेला.

त्या रविवारी मी मुलाला सांगितलं. वरच्या कोपऱ्यात त्यांनी नातीसाठी लाकडी झोका उभा केला होता, कारण तिथली जमीन जरा सपाट होती. मुलगा नुकताच ड्यूटीवरून आला होता. थकला की तो सिंगापुरी ढंगात बोलतो. "आयया आई, घर घेताना सगळं चेक झालंय लाह. खाणींचा रिपोर्ट क्लीन आहे."

"कसल्या खाणींचा?"

तो आत जाऊन कागद घेऊन आला. "कोळशाच्या."

"तुझ्या दरीत कोळसा नव्हताच. शिसं होतं."

"आई, तू सिंगापूरला बसून माझ्या बॅकयार्डमध्ये शिसं काढतेयस."

नवरा हसला. सून हसली नाही. मी हट्ट सोडला नाही. पुढचे चार रविवार मी तोच विषय काढला. ट्रेसिंगचे फोटो पाठवले, वर्तुळाभोवती लाल पेन्सिल फिरवली, झोक्याची जागा निळ्या पेन्सिलने दाखवली. शेवटी सून म्हणाली, "ठीक आहे आई. मग कुठे लावू ते तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. खाली, ओढ्याच्या अंगाला, काटेरी झुडपाशेजारी. तिथे माझ्या कागदावर काहीच नव्हतं. पुढच्या रविवारी नात तिथल्या झोक्यावर उंच जात होती, सून धक्के देत होती आणि नात प्रत्येक धक्का इंग्रजीत मोजत होती. मला फार समाधान वाटलं. आपलं कुणीतरी ऐकलं याचं समाधान, दुसरं काय. निवृत्त माणसाला ते जेवणापेक्षा गोड लागतं.

खरं तर तिथे माझं काम संपायला हवं होतं. पण मला आता त्या दरीचा लळा लागला होता. सगळ्या पिढ्यांचे नकाशे एकाच मोठ्या कागदावर उतरवायचे, खाणी लाल, पाणचक्क्या निळ्या, रूळ काळे, आणि तो कागद नातीला द्यायचा असं मी ठरवलं. म्हणजे मोठी झाल्यावर तिने 'इथे कधी काही नव्हतं' असं म्हणू नये. अडीच महिने रोज दोन-तीन तास मी त्यावर बसत होते. भट्टी जमली, धुराचं भुयार जमलं, चाळी जमल्या. खाणमालकाचा तो एक कागद तेवढा कुठल्याच बाजूने नीट बसेना. वाट जुळली की चर्च सुटायचं, पूलही सुटायचा. मी त्या मेलेल्या नकाशाकाराला मराठीतून बरंच ऐकवलं.

मग एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं जुरोंग ईस्टला चष्मा आणायला गेलो. बसमधून उतरून चालताना मी नवऱ्याला माझं जुनं ऑफिस दाखवायला थांबवलं. ऑफिस नव्हतंच. इमारत पाडून झाली होती, पत्र्याचं कुंपण होतं, आत क्रेन होती. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, इथे तीस वर्षांची इमारत म्हणजे म्हातारीच. मी वळणाकडे बोट दाखवून म्हटलं, "हे वळण, इथून चाळीस पावलांवर गेट, तिथून डावीकडे माझी खिडकी."

बोललेलं माझ्याच कानांवर पडलं आणि मी तिथेच उभी राहिले.

तीस वर्षं मी हेच केलं होतं. या शहरात इमारतीवर भरवसा ठेवायचा नाही. ब्लॉक पाडतात, बाजार हलवतात, देवळंसुद्धा उचलून दुसरीकडे नेतात. माझ्या कामात रस्ताच काय तो टिकायचा. म्हणून रस्ता धरायचा आणि बाकी सगळं त्यावरून मांडायचं. हाताला तीच सवय. आणि तीच सवय घेऊन मी अशा मुलखात शिरले होते जिथे दगडी घर तीनशे वर्षं जागचं हलत नाही, चर्च त्याहून जुनं असतं, पूल तोच असतो. तिथे हलला असेल तर रस्ताच हलला असेल.

नवऱ्याने मला वेड्यासारखी टॅक्सी थांबवताना पाहिलं आणि चष्म्याचं नावही काढलं नाही.

घरी येऊन मी चप्पल न काढता टेबलापाशी बसले. आकाशातून काढलेला त्या गावाचा फोटो उघडला. जिथे आजची वाट वळते त्याच्या खालच्या अंगाला, शेजारच्या शेतातून, जुन्या झाडांची एक रांग वाकडी होत गेली होती आणि दोन्ही बाजूंना बुटक्या दगडांची रेघ होती. ती जुनी वाट होती. घोड्यांचे रूळ टाकले तेव्हा वाट वर सरकवली असणार, आणि ते सरकारी मोजणीच्या आधीच झालं असणार. मी धरलेलं वळण त्या नकाशातलं वळणच नव्हतं, आणि तिठाही तो नव्हता.

मी ट्रेसिंग पेपर उचलला. चर्चचा मनोरा मनोऱ्यावर ठेवला. पूल पुलावर. आणि मुलाचं घर, ज्याचा एक कोपरा नव्या बांधकामाने लांबला होता म्हणून मी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते त्या लहान चौकोनावर. तिन्ही जागा टाचणीने टोचल्यासारख्या बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वर्तुळ उतारावरून खाली घसरलं आणि काटेरी झुडपापाशी थांबलं. झोक्याच्या निळ्या खुणेवर.

चार वाजले होते. तिथे सकाळचे नऊ. शनिवार, शाळा नाही. मुलगा इस्पितळात असणार, त्याचा फोन लागला नाही. मी सुनेला लावला. नवऱ्याने न सांगता फोन माझ्या हातातून घेऊन पुस्तकांना टेकवून उभा केला.

"आई? आज शनिवारी कसा फोन?"

"पोरगी कुठे आहे?"

"बाहेर. झोक्यावर."

"आत घे तिला. आत्ता. झोक्याजवळ जाऊ नकोस, कुंपणापाशी उभी राहून हाक मार."

सुनेने कारण विचारलं नाही. फोन टेबलावर पडला आणि मला छत दिसत राहिलं. तिची हाक ऐकू आली, मग नातीचं 'नो, नो', मग पुन्हा हाक, अशा आवाजात की तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग दार वाजलं आणि नात भोकाड पसरून रडत आत आली. जगात इतका गोड आवाज दुसरा नाही.

सुनेने तिला कडेवर घेऊन फोन उचलला. "काय झालं?"

"मी चुकले," मी म्हटलं. "शाफ्ट वरच्या कोपऱ्यात नाही. झोक्याखाली आहे."

"तिथे लावा म्हणून तुम्हीच सांगितलंत, आई."

"हो. मीच सांगितलं."

"आणि आता खात्री आहे?"

"खात्री मला मागच्या वेळीही होती." हे बोलायला हवंच होतं. "म्हणून माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. तपासून घे. पण तू स्वतः जाऊ नकोस तिथे. कुणाला तरी बोलव ज्याला तिथली जमीन माहीत आहे."

पलीकडच्या शेतावर ऐंशीच्या घरातला एक म्हातारा शेतकरी राहतो. सून त्याच्याकडून अंडी घेते. तो अर्ध्या तासात ट्रॅक्टर घेऊन आला. फोन चालूच होता, सुनेने तो कुंपणाच्या दगडांवर उभा करून ठेवला. त्याच्याकडे लांब लोखंडी पहार होती आणि एक शिडी. सुनेने त्याला काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण तो हसला नाही, एवढं मी पाहिलं. त्याने आधी लांबूनच दोर टाकून झोका ओढून काढला. मग शिडी गवतावर आडवी पसरली, तिच्यावर पोटावर झोपून पुढे सरकला आणि पहार टोचायला लागला. एकदा टोचली, टणक. हातभर पुढे, टणक. मी मनात म्हटलं, देवा, मला खोटं पाड. आयुष्यात पहिल्यांदाच मी असं काही मागितलं असेन.

चौथ्या वेळी पहार गवतात शिरली आणि शिरतच गेली. म्हातारा ती दोन्ही हातांनी घट्ट धरून तसाच पडून राहिला. मग हळूच काढून घेतली आणि पहारीच्या टोकाने गवताचा एक थर उचकटला. खाली लाकडाचे ओंडके होते, काळे, भिजलेल्या पावासारखे. कुणीतरी कधीकाळी शाफ्टच्या तोंडावर ते टाकले होते, वर माती पसरली होती आणि निघून गेले होते. दोन ओंडक्यांमध्ये ताटाएवढं भोक होतं. झोक्याच्या एका पायाचा खळगा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता.

म्हाताऱ्याने एक दगड आत सोडला. सून कुंपणापाशी होती, नात तिच्या कडेवर. नातीचं रडणं थांबलं होतं आणि ती झोक्याचे धक्के मोजायची तशीच मोजत होती, "वन. टू. थ्री."

पाण्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला नाही. तो सुनेच्या चेहऱ्यावरून कळला.

म्हातारा ट्रॅक्टरवरून कुंपणाच्या काठ्या आणि तार आणायला गेला. सून दगडी भिंतीवर बसली. नातीला तिने इतकं घट्ट धरलं होतं की ती 'मम्मा, दुखतंय' म्हणाली. नवरा माझ्या मागे उभा होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर आहे हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही फोन केला नसतात तर..." सून म्हणाली.

"मी पहिला फोन केला नसता तर झोका वरच राहिला असता," मी म्हटलं. तिने हे कधीतरी म्हणण्यापेक्षा मी म्हटलेलं बरं.

ती म्हणाली, "हो. ते आहेच." तिने ते नाकारलं नाही, मला बरं वाटावं म्हणून काही गोड बोलली नाही, आणि त्याच क्षणी ती मला आपली वाटली. "पण ओढ्यावर ही रोज पळते, आई. त्याच वाटेने. झोका नसता तरी."

नात आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ओढ्याकडे बघत होती.

"उद्या रविवार आहे," सून म्हणाली. "मी टेप घेऊन उभी राहते. घराच्या कोपऱ्यापासून कुठे कुठे मोजायचं ते तुम्ही सांगा. सगळं कुरण करू. आणि आई, तुम्ही सांगितलेलं प्रत्येक माप मी परत मोजणार आहे."

"मोज," मी म्हटलं. "माझं तर दोनदा मोज."